ऐकणाऱ्याचे स्मारक

स्मारके कोणाची उभी राहतात? राजांची, सेनापतींची, संतांची, कवींची. एखाद्या थोर गवयाच्या नावाने सभागृह असते, एखाद्या वादकाचा पुतळा चौकात बसवला जातो. पण त्याच्यासमोर बसून ज्याने ते गाणे जीव लावून ऐकले, त्या श्रोत्याचे नाव दगडावर कोरून ठेवल्याचे सहसा कुठे आढळत नाही. मध्य चीनमधील वुहान शहरात मात्र असे एक स्थान आहे. २०२० साली साथीच्या रोगामुळे हे नाव जगाच्या तोंडी झाले. चिनी माणसाला त्याआधीपासूनच ते शहर आणखी एका गोष्टीसाठी ठाऊक आहे. एक वादक आणि त्याचे वादन समजणारा एक लाकूडतोड्या यांच्या मैत्रीची ती गोष्ट.

यांगत्से ही चीनमधली सर्वांत मोठी नदी. तिला हान नदी जिथे येऊन मिळते, तिथे वूचांग, हानकौ आणि हानयांग अशी तीन जुनी गावे होती. ती एकत्र होऊन वुहान झाले. त्यांतल्या हानयांग भागात कासवटेकडी नावाची एक बुटकी टेकडी आहे. १९५७ साली यांगत्सेवर पहिला मोठा पूल बांधला गेला, त्याचे एक टोक याच टेकडीला येऊन टेकते. टेकडीच्या पश्चिम पायथ्याशी चंद्रसरोवर आहे आणि त्या तळ्याच्या काठी आहे ‘गुछिनताय’, म्हणजे जुन्या वीणेचा चौथरा.

चीनमधील राजवाडे आणि महामंदिरे पाहून इथे येणाऱ्याला हे स्थान अगदी साधे वाटेल. एक दरवाजा, आत झाडी, वळणे घेत जाणारा सज्जा, एक दालन आणि मोकळ्यावर पांढऱ्या संगमरवराचा चौकोनी चौथरा. चौथऱ्यावर मधोमध एक शिळा आहे आणि तिच्यावर ‘वीणेचा चौथरा’ एवढीच अक्षरे आहेत. ती अक्षरे सोंग काळातील प्रसिद्ध चित्रकार व सुलेखनकार मी फू याच्या हातची, असे परंपरा सांगते. इथे देवाची मूर्ती नाही. जे काही आहे ते दोन मित्रांच्या आठवणीसाठी आहे.

चारच ओळींची कथा

या मित्रांची नावे बो-या आणि चुंग त्सू-ची. त्यांची कथा मुळात फार लहान आहे. इ. स. पूर्व २३९च्या सुमारास ‘ल्यूशी छुनछिव’ नावाचा एक मोठा ग्रंथ सिद्ध झाला. पुढे चीनचा पहिला सम्राट झालेल्या राजाचा प्रधान लू पू-वे याने पदरच्या पंडितांकडून तो लिहवून घेतला होता. त्यात ही गोष्ट चार ओळींत येते. बो-या वीणा वाजवत होता आणि त्सू-ची ऐकत होता. वाजवणाऱ्याच्या मनात पर्वत आला, तर ऐकणाऱ्याला पर्वताची उंची दिसली. वाजवणाऱ्याच्या मनात वाहते पाणी आले, तर ऐकणाऱ्याला ओघ ऐकू आला. पुढे त्सू-ची वारला. तेव्हा बो-याने वीणा फोडली, तारा तोडल्या आणि आयुष्यभर पुन्हा वाद्याला हात लावला नाही. आता वाजवावे असे कोणी जगात उरले नाही, असे त्याला वाटले.

‘लिए-त्सू’ या ताओ पंथाच्या ग्रंथात याच जोडीचा आणखी एक प्रसंग आहे. बो-या डोंगरात फिरत असताना पावसाने गाठले. कड्याच्या आडोशाला बसून, उदास मनाने, त्याने वीणा जुळवली. आधी संततधार पावसाचे वादन केले, मग कडे कोसळल्याचे. दर वेळी त्सू-चीने त्याच्या मनातला भाव नेमका सांगितला. तेव्हा वीणा बाजूला ठेवून बो-या म्हणाला, की तुझ्यापासून माझे सूर लपवायला मला जागाच उरलेली नाही. या कबुलीत कौतुक आहे आणि थोडी भीतीही आहे. आपल्याला कोणी पूर्णपणे ओळखावे, असे प्रत्येकालाच वाटते. प्रत्यक्ष तसा माणूस समोर येऊन बसला की मात्र गडबडायला होते.

पहिल्या ग्रंथाने या गोष्टीचे तात्पर्यही काढले आहे आणि ते राजाला उद्देशून आहे. हे वीणेपुरते नाही, गुणी माणसांनाही हेच लागू आहे. त्यांना ओळखणारा आणि मानाने वागवणारा धनी नसेल, तर ती आपले गुण कशाला खर्च करतील, असे त्याचे म्हणणे. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ही गोष्ट दरबारात सांगितली जात होती आणि तिचा रोख ‘ऐकायला शिका’ असा सत्तेकडे होता.

हळू आवाजाचे वाद्य

गोष्ट नीट समजायची तर ते वाद्य कसे आहे हे पाहायला हवे. आपण सोयीसाठी वीणा म्हटले. चिनी नाव ‘छिन’ किंवा ‘गुछिन’. सुमारे सव्वाशे सेंटिमीटर लांबीची, आतून पोकळ, काळसर रोगणाची लाकडी पेटी आणि तिच्यावर ताणलेल्या सात तारा. या तारा पूर्वी रेशमाच्या असत. याला पडदे नाहीत. कडेने तेरा ठिपके जडवलेले असतात, त्यांच्या अंदाजाने डावा हात तारेवर सरकतो आणि उजव्या हाताची बोटे तार छेडतात. मींड, कंप, हलका स्पर्श यांवर सगळे वादन उभे असते. आपल्याकडच्या विचित्रवीणेच्या श्रोत्याला ते फारसे परके वाटणार नाही.

पण या वाद्याचा आवाज फार लहान असतो. मोठ्या दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकालासुद्धा तो धड पोचत नाही. ज्या हूपे प्रांताची वुहान ही राजधानी आहे, त्याच प्रांतात १९७८ साली एका जुन्या सरदाराचे थडगे उकरले गेले. इ. स. पूर्व ४३३च्या सुमाराच्या त्या थडग्यात ६५ घंटांचा प्रचंड संच मिळाला. काशाच्या त्या घंटा राजसभेत घुमत असतील. त्याच थडग्यात दहा तारांची एक लहानशी छिनही सापडली. घंटा साऱ्या दरबारासाठी असत. छिन मात्र स्वतःसाठी किंवा गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या एखाद्या मित्रासाठी असे. जिथे वादकासमोर एकच श्रोता बसतो, तिथे तो श्रोता गेल्यावर सगळी मैफलच उठते. बो-याने वीणा का फोडली, याचे अर्धे उत्तर या वाद्याच्या लहान आवाजात आहे.

लाकूडतोड्या आणि त्याचा बाप

जुन्या ग्रंथांत हानयांगचे नाव नाही आणि त्सू-ची लाकूडतोड्या असल्याचाही उल्लेख नाही. आज चिनी घरांत जी गोष्ट मुलांना सांगितली जाते, तिला मांस-रक्त दिले ते फेंग मेंगलोंग या मिंग काळातील कथाकाराने. १६२४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कथासंग्रहातली ही पहिलीच कथा.

या कथेत बो-या हा मोठा राजदरबारी अधिकारी आहे. कामगिरीवरून परतताना कोजागरीसारख्या शरदातल्या पौर्णिमेच्या रात्री त्याची नाव हानयांगच्या काठाला लागते. पाऊस थांबतो, चंद्र वर येतो, बो-या वीणा काढतो. वाजवता वाजवता तार तुटते. चोरून ऐकणारा कोणी जवळ असला की तार तुटते, असा त्या काळचा समज. तो नोकरांना किनारा धुंडाळायला सांगतो. तेवढ्यात अंधारातून आवाज येतो, की मी लाकूडतोड्या आहे, पावसामुळे अडकलो आणि वीणा ऐकत थांबलो. लाकूडतोड्या आणि वीणा ऐकणार! बो-याला हसू येते. पण तो माणूस शांतपणे सांगतो, की आपण वाजवत होता तो राग कन्फ्यूशियसने अकाली गेलेल्या शिष्यासाठी केलेल्या शोकाचा, आणि तार तुटली तेव्हा शेवटची ओळ राहिली होती.

मग त्याला नावेत बोलावले जाते. आधी उभ्या उभ्या चौकशी, मग बसायला आसन, मग चहा, मग मद्य. एकेका प्रश्नाबरोबर बो-याचा तोरा उतरत जातो आणि पाहुण्याचा मान वाढत जातो. पर्वत आणि पाणी यांची परीक्षाही तो पार करतो. पहाटेपर्यंत दोघे भाऊ झालेले असतात, वयाने मोठा बो-या थोरला आणि त्सू-ची धाकटा. थोरला त्याला बरोबर चल म्हणतो. धाकट्याच्या घरी म्हातारे आईबाप असतात, त्यांना सोडून येणे नाही. पुढच्या वर्षी याच पौर्णिमेला इथेच भेटायचे ठरते. निरोप घेताना थोरला त्याला आईबापांसाठी म्हणून थोडे सोने देतो.

वर्ष जाते. बो-या ठरल्या रात्री येतो, वीणा वाजवतो, पण कोणी येत नाही. सकाळी गावाकडे निघतो, तर वाटेत हातात काठी नि टोपली घेतलेला एक म्हातारा भेटतो. तो त्सू-चीचा बाप. तो सांगतो, की मुलाने त्या सोन्याची पुस्तके घेतली. दिवसभर लाकडे वाहायची आणि रात्र रात्र वाचत बसायचे, असे चालले. शरीर थकले, दुखणे आले आणि तो गेला. जाताना एवढेच मागणे केले, की मला नदीकाठी पुरा, म्हणजे भावाला दिलेला शब्द पाळला जाईल.

कथाकाराने इथे एक अवघड गोष्ट फार सहजपणे ठेवली आहे. ज्या मैत्रीने त्सू-चीला मान दिला, तिनेच त्याला झिजवलेही. आपल्या मित्राच्या तोडीचे व्हावे म्हणून तो रात्री जागला. मोठ्या माणसाचा स्नेह लहान माणसाला किती महाग पडू शकतो, हे चारशे वर्षांपूर्वीच्या या लेखकाला ठाऊक होते.

पुढचा प्रसंगही तितकाच बोचरा आहे. मोठा अधिकारी आल्याचे ऐकून गावकरी समाधीजवळ गोळा होतात. बो-या रडत रडत वीणा वाजवतो. वीणेचा आवाज कानी पडताच लोकांना वाटते, करमणूक चालली आहे. ते टाळ्या पिटतात, हसतात आणि निघून जातात. शोकाचे सूर शेकडो कानांवर पडले आणि एकालाही शोक कळला नाही. तेव्हा बो-या तारा कापतो आणि वीणा समाधीच्या दगडावर आपटतो.

एका शब्दाचा जन्म

या गोष्टीने चिनी भाषेला एक शब्द दिला, ‘ची-यिन’. शब्दशः अर्थ ‘सूर जाणणारा’. पण आज तो जिवलग मित्रासाठी वापरतात, ज्याच्यापुढे मन उलगडून सांगावे लागत नाही त्याच्यासाठी. ज्यांनी कधी वीणा पाहिलेली नाही असे लोकही रोजच्या बोलण्यात हा शब्द वापरतात. वुहानमधून १९८५ सालापासून निघणाऱ्या एका लोकप्रिय कौटुंबिक मासिकाचे नावही हेच आहे. मराठीत ‘जाणकार’ आहे, ‘रसिक’ आहे, ‘दर्दी’ आहे. तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे, असेही आपण म्हणतो. पण गाणे समजणारा आणि माणूस समजणारा या दोघांना एकच शब्द आपल्याकडे नाही.

चौथरा अशा शब्दाचे घर असल्यामुळेच टिकला असावा. हे स्थान सोंग काळापासूनचे मानतात. ते अनेकदा पडले आणि अनेकदा बांधले गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बी युआन नावाच्या विद्वान सुभेदाराने ते नव्याने उभारले आणि वांग चुंग या पंडिताने त्यासाठी लेख रचला. पुढच्या शतकातल्या लढायांत त्याची पुन्हा पडझड झाली आणि शतक संपण्याच्या आत ते पुन्हा उभे राहिले. शहराच्या पश्चिमेला, खोगीरटेकडीजवळ, त्सू-चीची म्हणून दाखवली जाणारी समाधी आहे, तिचा १९८७ साली जीर्णोद्धार झाला. २०१४ साली चीन सरकारने या दोन मित्रांच्या आख्यायिकेला राष्ट्रीय पातळीवरील अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. चंद्रसरोवराच्या काठी आता भव्य नाट्यगृह आणि संगीतसभागृह आहे. ज्या वाद्याचा आवाज एका खोलीबाहेर जात नाही, त्याच्या नावाने हा परिसर ओळखला जातो.

वीणा फोडणे बरोबर होते का?

ही गोष्ट ऐकणाऱ्या कोणाच्याही मनात एक प्रश्न येतो. बो-याने केले ते योग्य होते का? मित्रासाठी एवढा त्याग, म्हणून आपण हळहळतो. पण त्याने वाजवणे थांबवले, तसे प्रत्येकाने थांबवले असते तर ती विद्या त्याच पिढीत संपली असती. गुरूने एखाद्या शिष्याला समोर बसवायचे, त्याचे कान तयार करायचे, त्यातून पुढचा त्सू-ची घडवायचा, हा मार्ग त्याच्यापुढे होताच.

विसाव्या शतकात ही वेळ खरोखरीच आली. युद्धे, क्रांती आणि बदललेल्या आवडीनिवडी यांतून जाताना छिन वाजवणारे फार थोडे उरले. तेव्हा चा फू-शी हे ज्येष्ठ वादक आणि अभ्यासक १९५६ साली दोन तरुण सहकाऱ्यांना घेऊन बाहेर पडले. गावोगाव हिंडून त्यांनी वादक शोधले. कोणी म्हातारा शिक्षक, कोणी साधू, कोणी कित्येक वर्षांत वाद्य न उघडलेला. त्या फेरीत ऐंशीहून अधिक वादक भेटले आणि अडीचशेहून अधिक वादने ध्वनिमुद्रित झाली. दहा वर्षांनी सांस्कृतिक क्रांतीचे वादळ आले. जुन्या सुशिक्षित वर्गाचे म्हणून हे वाद्य संशयाच्या छायेत गेले. त्या काळातून जे वाचले, त्यात या फेरीतल्या ध्वनिफितींचा वाटा मोठा आहे. २००३ साली युनेस्कोने या वादनकलेला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. तेव्हाच्या नोंदीप्रमाणे चांगले तयार वादक हजाराहून कमी होते आणि जुने उस्ताद जेमतेम पन्नास.

मूळ गोष्टीत वादक नदीकाठी थांबला होता आणि श्रोता योगायोगाने आला. १९५६ साली श्रोते स्वतः दारोदार गेले. बो-याने फोडलेली वीणा जर कोणी सांधली असेल, तर ती या ऐकणाऱ्यांनी.

अंतराळात केसरबाईंच्या शेजारी

या कथेचा एक धागा गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या मातीपर्यंत येतो, तोही थेट आकाशातून. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. कधी काळी परक्या जीवसृष्टीच्या हाती पडली तर पृथ्वीची ओळख पटावी, म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी ठेवली आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यासाठी जगभरातले सत्तावीस संगीताचे तुकडे निवडले. चीनकडून काय घ्यावे, असे विचारले तेव्हा न्यूयॉर्कमधील चिनी संगीतकार चौ वेन-चुंग यांनी छिनवरील ‘वाहते पाणी’ सुचवले. बो-याच्या नावाशी परंपरेने जोडलेले हे वादन, क्वान फिंग-हू यांनी वाजवलेले, साडेसात मिनिटांचे. तबकडीवरच्या सर्वांत दीर्घ तुकड्यांपैकी ते एक आहे.

ते संपले की त्याच्या लगेच पुढे सुरू होते ‘जात कहाँ हो’. सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी. गोव्यातल्या फोंड्याजवळच्या केरी गावात १८९२ साली जन्मलेल्या आणि उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांच्या कठोर तालमीत घडलेल्या केसरबाई. संगीताचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी त्यांचे नाव सुचवले होते. क्वान फिंग-हू यानाच्या उड्डाणाआधी दहा वर्षे, १९६७ साली वारले होते. केसरबाई गेल्या त्या १६ सप्टेंबर १९७७ रोजी, दुसरे यान सुटल्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी.

आज ती दोन्ही याने सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेली आहेत. तबकडीबरोबर ती वाजवण्याची सुईही आहे आणि कशी वाजवायची याच्या खुणा वेष्टणावर कोरल्या आहेत. ऐकणारा कोण, कुठे, कधी, हे कोणालाच सांगता येणार नाही. तरीही चिनी पाण्याचा ओघ आणि कोकणच्या कन्येची भैरवी पाठोपाठ निघाली आहेत. ऐकणारा गेला म्हणून बो-याने वाद्य फोडले होते. इथे ऐकणारा अजून भेटलेला नाही, तरी गाणे पुढे पाठवले आहे. दोन्हींच्या मागे माणसाची एकच तहान आहे, आपला सूर कोणाला तरी कळावा.

ही तहान काही मोठ्या कलावंतांपुरती नसते. घरात संध्याकाळी शाळेतला प्रसंग सांगू पाहणारे मूल, तीच जुनी आठवण पुन्हा सांगणारे आजोबा, स्वयंपाक करता करता काहीतरी बोलून गप्प झालेली आई, यांतल्या प्रत्येकाच्या बोलण्यात कधी पर्वत असतो, कधी पाणी. समोरचा हातातल्या कामातून मान वर करतो की नाही, यावर पुढचे वाक्य येते किंवा येत नाही. त्सू-चीने तरी वेगळे काय केले होते? पाऊस थांबला, घरी जायची वाट मोकळी झाली, डोक्यावर लाकडांचा भारा होता, तरी तो अंधारात उभा राहिला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला. हानयांगच्या तळ्याकाठचा तो पांढरा चौथरा एवढ्यासाठीच पुन्हा पुन्हा बांधला गेला आहे.